लोकरीची छाती, मिठाची टोपली

रोह्याहून पेणला येताना मी एकदा माझी छाती एस.टी.त विसरले.

लोकरीची होती, मीच विणलेली. नागोठण्याच्या स्टँडवर खिडकीतून शेंगदाण्याची पुडी घेण्याच्या नादात मी पिशवी उलटीपालटी केली, तेव्हा ती सीटवर पडली असणार. पेणला घरी येऊन पिशवी रिकामी केली तर आतला कापसाचा गोळा होता, जेवणाचा डबा होता, छत्री होती, छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "काय हरवलं?"

"लोकरीची वस्तू आहे."

"स्वेटर?"

"नाही. गोल आहे."

"उशी?"

"उशीपेक्षा लहान."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मागे वळून कालच्या कंडक्टरला हाक मारली. ते आले ते माझी छाती डोक्यावर घालूनच. थंडीचे दिवस होते, पहिल्या गाडीला कानाला गार लागतं म्हणून त्यांनी ती पहाटेपासून चढवली होती. "ही टोपी तुमची का, बाई?" ते म्हणाले. "फार ऊबदार आहे. गोंडा तर झकास जमलाय." तो मरून रंगाचा गोंडा म्हणजे खरं काय होतं, हे सांगायचं धाडस माझ्यासारख्या शेकड्यांनी बाळंतपणं पाहिलेल्या बाईलाही झालं नाही. "हो, टोपीच," मी म्हटलं. त्यांनी भाचीसाठी तशीच एक मागितली. मी दिली विणून, पण गोंड्याशिवाय.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या नोकरीतलं काहीतरी खुसखुशीत लिहा" असं सांगितलं आणि मी विषय सांगितल्यावर त्यांनी दोनदा घसा खाकरला. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मग म्हणाले, "लिहा, सिस्टर. फक्त तो शब्द जरा जपून." कोणता शब्द, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी माझ्या परीने जपतेच आहे. पण ज्यावर आपण सगळे पोसलो त्याचं नाव घ्यायलाच लाजायचं, आणि मग ते दुखायला लागलं की बाईने सांगायचं कुणाला, हा माझा जुना प्रश्न आहे.

मी परिचारिका. रोहा आणि पेण मिळून एकतीस वर्षं नोकरी केली. सुया टोचल्या, टाके काढले, विंचू चावलेल्यांचे हात धरून बसले, पण गावाने नाव ठेवलं ते 'दूधवाली सिस्टर'. पहिलटकरणीच्या अंगावर बाळ नीट लागत नसलं, बोंडं चिरली असली, बाळ रडतंय आणि आईही रडतेय अशी अवस्था असली, की मला बोलावणं यायचं.

लोकांना वाटतं, यात शिकवायचं काय? वासराला कोण शिकवायला जातं? पण वासरू चार पायांवर उठून स्वतः चालत जातं. आपल्या बाळाला आणावं लागतं, आणि आणणारीला ते कुणी शिकवलेलं नसतं. खुबी एवढीच, की बाळाने नुसतं बोंड तोंडात धरायचं नसतं. तसं धरलं तर ते हिरड्यांत चिमटतं, दूध थोडं येतं, बाळ आणखी जोरात ओढतं, बोंड चिरतं, आई दचकून मागे सरते आणि बाळ कळवळून रडतं. बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडून बोंडाभोवतीचा काळा भागही आत घ्यायचा, खालून जास्त आणि वरून कमी. हनुवटी आधी टेकवायची, नाक मोकळं ठेवायचं. याला आम्ही पकड म्हणतो. पकड बरोबर असली की दुखत नाही. पहिल्या दोन-चार ओढींना कळ येईल, पण ती थांबते. थांबत नसेल तर दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. करंगळी हळूच बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं.

रोह्याला हे सगळं मी वडापाववरून शिकवायचे. मोठा वडापाव आपण समोरून नाकावर आपटून खात नाही. बोटांनी दाबून चपटा करतो, खालचा जबडा आधी पावाखाली लावतो आणि मग वरचा ओठ पुढे नेतो. एकदा चार पोटुशींना मी वडापाव खाण्याचा घरचा अभ्यास दिला, तर त्या हुशार पोरींनी दुसऱ्या दिवशी अभ्यास वॉर्डातच आणला. लसणाच्या चटणीचा वास थेट ऑफिसपर्यंत गेला आणि मोठ्या सिस्टर तणतणत आल्या. मी म्हटलं, "क्लास चालू आहे." त्यांनी एक वडापाव जप्त केला. नंतर ऑफिसात बसून त्यांनी तो खालचा जबडा आधी लावून खाल्ला, हे मी खिडकीतून पाहिलंय.

लोकरीची छाती त्याच दिवसांत केली. रोह्यासारख्या घामाच्या गावात लोकर कोण घेणार, त्यामुळे दुकानात दोनच रंग मिळाले, मोहरीचा पिवळा आणि मरून. माझी छाती म्हणून पिवळीधमक होती. आता बाळ हवं होतं. बाजारातल्या बाहुल्यांची तोंडं सगळी मिटलेली. मग माझी पेणला बदली झाली, आणि पेणला घडवणारे हात शोधत फिरावं लागत नाही. आमच्याच आळीत अण्णांचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे त्यांचं घरच, फक्त माणसं कमी आणि गणपती जास्त. मी त्यांना म्हटलं, मला प्लास्टरचं एक बाळ करून द्या, तोंड मोठं उघडलेलं. आठ दिवसांनी त्यांनी दिलं, तर तोंड मिटलेलं आणि गालात मंद हसू.

"अण्णा, तोंड उघडं हवं होतं."

"हाताला सवयच नाय बाई. देव कधी भोकाड पसरतो काय?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी तोंड उघडलं, आत गुलाबी जीभसुद्धा केली. पण कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची ती त्यांची मुलगी सुगंधा. मूर्तीचे डोळे रेखणं हे सगळ्यांत अवघड काम, एक केस इकडेतिकडे झाला तर देव रागावलेला दिसतो, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने सवयीने बाळाला गणपतीचे डोळे काढले, शांत, अर्धे मिटलेले. त्यामुळे माझं बाळ खाली बोंबलत होतं आणि वर आशीर्वाद देत होतं. वॉर्डात बायका त्याला नमस्कार करायच्या. एका आजीने त्याच्यापुढे जास्वंदीचं फूल ठेवलं आणि मला दम दिला, "ह्याला खाटेखाली ठेऊ नको हां." पिवळी छाती आणि अण्णांचं बाळ, ही जोडी घेऊन मी वडखळपासून रोह्यापर्यंत फिरले. मला त्या जोडीचा फार गर्व होता. तो उतरला कसा, तेच सांगायचं आहे.

सुगंधाला धरमतरच्या बाजूच्या एका गावात दिली होती. मिठागरावर राबणारं घर, नवरा नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करणारा, भला पोरगा. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण सुगंधाची आई ती चार वर्षांची असतानाच गेलेली. अण्णा तरी हट्टाने पोरीला घेऊन आले, तेही श्रावणात, जेव्हा त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. मग बाळंतपण करायचं कोणी? तिची सासू हिरूबाई म्हणाली, "मी येते. आय नाय तर सासू." पावसाळ्यात मिठागर बंदच असतं. विहीण व्याह्याच्या घरी राहून बाळंतपण करते हे आमच्या आळीने पहिल्यांदाच पाहिलं. ती आली ती काखेत लुगड्याचं गाठोडं आणि डोक्यावर मिठाची एक गोण घेऊन.

मुलगी झाली. सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणायचे. सहाव्या दिवशी अण्णा स्वतः मला बोलवायला आले, हाताचा रंगही न पुसता.

ओटीवर गणपती, माजघरात गणपती, जिन्याखाली गणपती. रंगाच्या फवाऱ्याचं मशीन धडधडत होतं आणि मागच्या खोलीच्या दाराला साडीचा पडदा लावून आत सुगंधा बसली होती. मी पाहिलं तर दोन्ही बोंडांना चिरा, एकीतून रक्त. आणि हिरूबाई शेजारी तांब्या घेऊन बसलेली, दर पाजण्यानंतर मिठाच्या पाण्याने पुसत होती.

"मिठागरावर तलव्याला चीर गेली का आमी मिठाच्या पान्यातच पाय ठेवतो," ती म्हणाली. "भरून येतं."

माझं डोकं फिरलं. मी तांब्या उचलला आणि मोरीत ओतला. "तळवा आणि छाती एक का? पोरीला सोलून काढताय तुम्ही. यापुढे हिच्या अंगाला हात लावायचा नाही." हे मी तिच्या व्याह्याच्या घरात, त्याच्या कारागिरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. हिरूबाई उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसली. मीठ चूकच होतं, साबणही चूक असतो. पाजून झालं की आपल्याच दुधाचा थेंब चिरेवर लावून वाऱ्याने सुकू द्यायचा, हे बरोबर. पण बरोबर गोष्ट सांगायला एवढा आवाज लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी माझी जोडी बाहेर काढली. स्वतःच डोळे रेखलेलं बाळ बघून सुगंधा इतक्या दुखण्यातही हसली. मी ते उशीवर ठेवलं, पिवळी छाती तिच्या हातात दिली आणि शिकवलं. पोरगी कलावंत, एकदा पाहिलं की हात तसाच. हनुवटी आधी, नाक मोकळं, सगळं बिनचूक. "शाब्बास," मी म्हटलं. मग खरी बाय घेतली. पहिल्या क्षणी पकड छान बसली आणि बघता बघता सुगंधाने डोळे गच्च मिटले. सोडवून पाहिलं तर बोंड बोरूच्या टोकासारखं तिरकं, चपटं होऊन बाहेर आलं. म्हणजे पकड निसटत होती, आणि का ते मला समजत नव्हतं. मी बायच्या जिभेखाली पाहिलं, टाळू पाहिला, सगळं ठीक होतं.

पुढचे दोन दिवस मी ड्यूटीच्या आधी आणि नंतर जात राहिले. दर वेळी तिने प्लास्टरच्या बाळाला सुरेख पाजलं आणि दर वेळी खऱ्या बायला पाजताना उशीचा कोपरा दातात धरला. अधूनमधून आम्ही हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचो, पण ते पुरत नव्हतं. बायचं वजन घटलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, सोमवारपर्यंत वाट बघू, वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू. ते योग्यच होतं. लेकराला उपाशी ठेवून कुणी आईपण मिरवू नये. अण्णांनी पावडरच्या दुधाचा डबा आणूनही ठेवला, अळिवाच्या लाडवांच्या डब्याशेजारी.

शुक्रवारी संध्याकाळी सुगंधा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, ही रडायला लागली की माझ्या अंगावर काटा येतो. मला हिचा राग येतो. सोमवारपासून डबाच देते मी."

"देऊ या. त्यात वाईट काही नाही."

"तसं नाय. आई कशी दिसायची ते मला आठवत नाय. फोटो बघून माहीत हाय तेवढंच. तिच्या पदराखालचा अंधार तेवढा आठवतो, आणि वास. मला वाटलेलं, हिला निदान तेवढं तरी देईन."

मी बाळाची उशी झटकली आणि घरी गेले. घरी गेले खरी, पण मला माझाच मुलगा, प्रसाद, आठवत राहिला. तो झाला तेव्हा मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. माझीही बोंडं अशीच चिरली. मी नर्स, मी कुणाला विचारणार? दार लावून टॉवेल चावत पाजायचे. नवव्या दिवशी डबा आणला आणि सगळ्यांना सांगितलं, ड्यूटी आहे ना, म्हणून. प्रसाद डब्यावर मस्त वाढला, आज सहा फूट आहे आणि माझ्याच डोक्यावरून कपाटातले लाडू काढतो. त्याचं काही अडलं नाही. माझं अडलं. पुढे जन्मभर मी दुसऱ्यांची पोरं लावत फिरले ते त्या नवव्या दिवसामुळेच, असं मला वाटतं.

शनिवारी सकाळी पुन्हा गेले. बाय रडत होती, सुगंधाने तिला उशीवर ठेवून पाजायला घेतलं आणि उशी दातात धरली. मी शेजारी हताश बसले होते. पडद्याजवळून आवाज आला.

"नर्सबाय, बोलू काय? हात नाय लावत."

हिरूबाई होती. मी मान हलवली.

"ही पोर टोपलीकडं जाते."

"कुठल्या टोपलीकडे?"

"मिठागरावर नवी बाय आली का तिला पयलं ह्येच सांगायला लागतं. भरली टोपली उचलाय टोपलीवर वाकायचं नाय. टोपली आपल्या पोटाशी आनायची, मंग उटायचं. वाकली तिची चार दिसांत कंबर जाते. ही बघ कशी वाकलीय."

मी बघितलं. इतके दिवस मी बायचं तोंड बघत होते, सुगंधाची पाठ बघितलीच नव्हती. बाय उशीवर पडलेली आणि सुगंधा तिच्यावर कमानीसारखी वाकलेली. अगदी तशीच, जशी ती बाराव्या वर्षापासून मूर्तीसमोर बसत आली होती. ओल्या रंगाची मूर्ती हलवत नाहीत. आखणी करणाऱ्याने आपण मूर्तीकडे जायचं, मान वाकवून, श्वास धरून. सुगंधा लेकीकडेही तशीच जात होती. वाकलेली असेपर्यंत पकड ठीक. पण टाके ताजे, पाठ किती वेळ तग धरणार? ती नकळत सरळ व्हायची, छाती बायच्या तोंडातून सरकत सरकत नुसतं बोंड हिरड्यांत उरायचं, आणि चिमटा बसायचा.

आणि तिला तसं वाकायला मीच तर शिकवलं होतं. माझं लाडकं प्लास्टरचं बाळ कडक, हलत नाही, वळत नाही, पोटाशी धरवत नाही. मीच ते उशीवर ठेवायचे आणि ती वाकली की शाब्बास म्हणायचे.

"हिरूबाई," मी म्हटलं, "हात लावा. दाखवा."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे आली. आधी उशी काढून टाकली. सुगंधाच्या पाठीला टेकायला काहीतरी हवं होतं. खोलीत गणपतींशिवाय काही नव्हतं, गणपतीला टेकून बसणार कसं? हिरूबाई बाहेर गेली आणि मिठाची गोण ओढत घेऊन आली. तिच्यावर गोधडी टाकून आम्ही सुगंधाला मागे रेलून बसवलं. मीठ शेवटी कामाला आलंच. हिरूबाईने बायला उचललं, पोट सुगंधाच्या पोटाला चिकटवलं, सगळं अंग एका रेषेत. "आता हालू नको गो. ती येईल. तू बसून रहा राणीसारखी."

बाय तोंड फिरवत होती. मला गिळण्याचा आवाज ऐकायचा होता, कारण दूध जातंय का नाही ते त्यावरूनच कळतं, आणि बाहेर ते मशीन धडधडत होतं. मी ओरडले, "अण्णा, मशीन बंद करा."

मशीन थांबलं. सगळ्या घरात कधी नव्हे ती शांतता झाली. बायने तोंड उघडलं, थोडं. हिरूबाई म्हणाली, "थांब." बायने आणखी उघडलं, चांगली जांभई देऊन. "आता," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि सुगंधाने लेकीला जवळ ओढलं.

सवयीने तिचे खांदे कानांपर्यंत गेले. ती कळेची वाट बघत राहिली. मीही बघत राहिले. हळूहळू खांदे खाली आले.

"सिस्टर," ती कुजबुजली, "दुखत नाय."

आणि मग तो आवाज आला. गट. थोडं थांबून पुन्हा, गट. पडद्याबाहेरून अण्णांचा घाबराघुबरा आवाज आला, "काय झालं?"

"गिळतेय, अण्णा."

बाहेर मग एका कारागिराला राहवलं नाही, त्याने "गणपती बाप्पा" म्हटलं, आणि सगळा कारखाना "मोरया" म्हणून गरजला. बाय ताडकन दचकली, तोंडातून सगळं सुटलं आणि तिने जे भोकाड पसरलं ते पुढच्या आळीत ऐकू गेलं असेल. हिरूबाई पडदा बाजूला करून बाहेर गेली आणि तिने हातात ब्रश, रंगाच्या वाट्या घेऊन उभ्या असलेल्या त्या दांडग्या पुरुषांना आगरी भाषेत जे सुनावलं ते या अंकात छापता येणार नाही. मी मात्र आत बघत होते. सुटलेलं बोंड गोल होतं, चपटं नव्हतं. आणि सुगंधा हसत होती. आम्ही कुणी काही सांगायच्या आत तिने लेकीला पुन्हा पोटाशी घेतलं, थांबली, तोंड मोठं उघडू दिलं आणि जवळ आणलं. या खेपेला आमच्यापैकी कुणाचाच हात लागला नव्हता. मला तेव्हा विश्वास बसला.

बाहेर कारागीर अर्धा तास चवड्यांवर चालत होते. रंगवायच्या मूर्ती एवढ्या राहिलेल्या आणि अण्णा मशीन लावू देईनात.

सोमवारी वजन वाढलेलं होतं, थोडंसंच, पण वाढलेलं. डॉक्टरबाईंनी काटा दोनदा बघितला आणि विचारलं, "काय केलंत?" मी सांगायला तोंड उघडणार तोच हिरूबाई म्हणाली, "मीठ लावलं." डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघून सुगंधा इतकी हसली की तिचे टाके दुखायला लागले. अण्णांनी आणलेल्या डब्याचं काय करायचं हा प्रश्न कारागिरांनी सोडवला. चतुर्थीपर्यंत त्यांचा चहा त्याच दुधाचा होत होता आणि त्यातल्या एकाने मला गंभीरपणे सांगितलं की त्याचं वजन वाढलंय.

बारशाला मी गेले तेव्हा सुगंधाने तिच्याकडेच राहिलेलं माझं प्लास्टरचं बाळ माझ्या हातात ठेवलं. ते हलकं झालं होतं. तिने नुसतं डोकं ठेवून खालचं कडक अंग काढून टाकलं होतं आणि हिरूबाईच्या जुन्या लुगड्याचं मऊ, कापूस भरलेलं अंग शिवलं होतं. आता ते पोटाशी वळत होतं. आणि डोळे नव्याने आखले होते. देवाचे नव्हते ते, वर बघणारे, भुकेले, टपोरे डोळे होते. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तेच वापरलं, आणि त्याला मग कुणी नमस्कार केला नाही.

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पांगल्या. हिरूबाई मागच्या पायरीवर एकटी बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "त्या दिवशी मी फार बोलले," मी म्हटलं. "तुमचं मीठ चूक होतं, पण माझं बोलणं त्याहून चूक होतं."

"मीठ चूकच व्हतं," ती म्हणाली. "मीबी माज्या पोराच्या टायमाला तेच केलं. झोंबलं कसलं गो." आणि ती हसायला लागली, मीही. आम्ही दोघी पायरीवर बसून खो खो हसत होतो. मग तिने सहज विचारलं, "तुजा पोर किती वरीस पिला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दूधवाल्या सिस्टरला कोण विचारणार? मी काहीतरी ठोकून देणार होते. पण तोंडातून खरं आलं.

"नऊ दिवस."

तिचं हसू थांबलं. मिठाने फाटलेला, खरखरीत हात तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"तवा मी कुटं व्हते गो," ती म्हणाली.